कडी लावली का?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानं होतात, त्यांनी मला आठवी ते दहावी गणित शिकवलं. उत्तर बरोबर आलं तरी ते निम्मेच गुण द्यायचे आणि वहीच्या समासात तांबड्या शाईनं लिहायचे, ‘रीत कुठाय?’ आज मी ज्या विषयावर बोलणार आहे त्यात उत्तर आधी सापडलं आणि रीतीवरून अजून भांडणं चालू आहेत. गुरुजींनी आमच्या शास्त्राला निम्म्यावरच ठेवलं असतं.

निमंत्रणपत्रिकेवर ‘मानसोपचारातील प्रमुख विचारप्रवाह’ असं छापलंय. कार्यवाहांनी फोनवर विषय सांगितला आणि मी बेसावधपणे हो म्हणून बसले. दीड तासात सगळे प्रवाह म्हणजे एका दिवसात काशी-रामेश्वर. तेव्हा मी एकच आजार घेते आणि गेल्या सव्वाशे वर्षांत निरनिराळ्या लोकांनी त्याच्याकडे कसं पाहिलं, ते सांगते. आजार तुमच्या ओळखीचा आहे. मराठीत त्याला जुना, नेमका शब्द आहे: मंत्रचळ. डॉक्टर ओसीडी म्हणतात. पाठ्यपुस्तकांत ‘कल्पना-क्रिया अनिवार्यता’ असं नाव आहे. ते मी एकदा एका पेशंटला सांगून पाहिलं, तर तो आणखीच घाबरला.

माझ्या मोठ्या काकूला मंत्रचळ होता. आमचा वाडा वाईला. भाजीवाल्यानं परत दिलेली नाणी काकू चिंचेच्या कोळात बुडवून ठेवायची. नोटांचं काय करायचं हा प्रश्न सुटेना, तेव्हा तिनं बाजारात जाणंच सोडलं. मी सात-आठ वर्षांची असताना मला एक काम नेमून दिलेलं होतं. काकू मोरीशी उकिडवी बसायची, हात पुढे करायची, आणि मी तांब्यानं धार धरायची. तिनं स्वतः तांब्या उचलला की तांब्या बाटायचा, तो धुवायला घेतला की पुन्हा हात बाटायचे. म्हणून मी. बारा तांबे झाले की ती विचारायची, “झाले का गं स्वच्छ?” मी म्हणायची, “झाले.” “नक्की?” “नक्की, काकू.” ती उठायची, माजघराच्या उंबऱ्यापर्यंत जायची, आणि परत यायची. बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी पडून चिरलेली असायची. रात्री आजी तिला खोबरेल तेल लाव म्हणायची, पण तेलाच्या बाटलीला कुणाकुणाचे हात लागलेले असत.

घरात तिला कुणी वेडी म्हणत नसे. ‘तिचं सोवळं जरा कडक आहे’ एवढंच. आणि सगळे सांभाळून घ्यायचे. हा शब्द लक्षात ठेवा, मी त्याच्याकडे परत येणार आहे.

आधी मंत्रचळ या शब्दाकडे बघू. मंत्राच्या अनुष्ठानात चूक राहिली की माणसाला लागणारं वेड, असा त्याचा मूळ अर्थ. म्हणजे शब्दातच एक सिद्धांत दडलेला आहे. गंमत अशी की ‘माझ्या हातून काहीतरी चुकलं असेल, एखादं अक्षर राहिलं असेल आणि त्यामुळे अनर्थ होईल’ हा तर या आजाराचा गाभाच. आपल्या पूर्वजांनी पेशंटचं म्हणणं मन लावून ऐकलं आणि त्याचं लक्षण तेच कारण म्हणून कोशात घातलं. बंगालीत याच्या जवळ जाणारा शब्द आहे ‘शुचिबाई’. त्यात पावित्र्याचा भाग पकडलाय. एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच डॉक्टर याला संशयाचं वेड म्हणत. मला विचाराल तर फ्रेंच सर्वांत जवळ पोचले होते. १९७५ साली चंडीगडच्या डॉक्टरांनी अशा ८२ पेशंटांच्या लक्षणांची बारकाईनं वर्गवारी केली, तेव्हा त्यांनाही सर्वांत जास्त आढळला तो संशयच. मळ, जंतू, विटाळ, देवाची निंदा हे नुसते वेश आहेत. आत बसलेला असतो संशय, आणि तो फिटत नाही.

इथं एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. सोवळंओवळं, विटाळ, शिवाशिव यांना सरसकट सामाजिक मंत्रचळ म्हणायची आपल्याकडे फॅशन आहे. मला ते पटत नाही. मंत्रचळ झालेल्या माणसाला स्वतःचं वागणं खुपतं, त्याची लाज वाटते, ते बंद व्हावं असं त्याला मनापासून वाटतं. अस्पृश्यता पाळणाऱ्यांना ती खुपत नव्हती. ती व्यवस्था होती, तिचा कुणाला तरी फायदा होता. तिला आजार म्हणणं म्हणजे तिला वैद्यकीय रजा देणं. आजार समाजाच्या कपाटातून कपडे उचलतो, एवढं मात्र खरं. काकूच्या आजारानं सोवळं पांघरलं. आज तोच आजार सॅनिटायझरची बाटली घेऊन येतो. कोरोनाच्या काळात माझा एक पेशंट फोनवर म्हणाला, “मॅडम, आता सगळं गाव माझ्यासारखं झालं.” त्याच्या आवाजात चक्क समाधान होतं.

आता व्हिएन्नाला जाऊ. १ ऑक्टोबर १९०७. एकोणतीस वर्षांचा एक वकील सिग्मंड फ्रॉइड यांच्याकडे येतो. लष्करी सरावाच्या वेळी एका कॅप्टननं त्याला उंदरांच्या साहाय्यानं केल्या जाणाऱ्या एका भीषण शिक्षेची हकीकत सांगितली होती, आणि ती शिक्षा आपल्या प्रिय माणसांना होईल हा विचार त्याच्या डोक्यातून जाईना. ‘रॅट मॅन’ या नावानं ही केस १९०९ मध्ये प्रसिद्ध झाली. उंदरांपेक्षा मला त्यातला दगड जास्त आवडतो. त्याची प्रेयसी ज्या दिवशी गावाहून निघणार होती, त्या दिवशी रस्त्यात त्याच्या पायाला एक दगड लागला. थोड्या वेळानं तिची गाडी याच रस्त्यानं जाईल, दगडाला अडखळून अपघात होईल, म्हणून त्यानं तो उचलून कडेला ठेवला. काही मिनिटं गेली. हा काय मूर्खपणा, असं त्याला वाटलं आणि तो परत आला. परत येऊन त्यानं दगड होता तिथंच, रस्त्याच्या मधोमध ठेवला.

फ्रॉइडची प्रतिभा इथं दिसते. आपण म्हटलं असतं, दगड बाजूला ठेवणं हा आजार आणि परत ठेवणं हा शहाणपणा. फ्रॉइड म्हणाले, दोन्ही आजारच. पहिल्या कृतीत प्रेम आहे, दुसरीत त्याच माणसाबद्दलचा दडपलेला राग. प्रेम आणि द्वेष एकाच व्यक्तीवर, तितक्याच ताकदीचे, आणि मन दोघांमध्ये हेलपाटे घालतंय. ही केस छापण्याच्या दोन वर्षं आधी, १९०७ च्या एका निबंधात, त्यांनी मंत्रचळ आणि धार्मिक विधी यांतलं साम्य मांडलं होतं. प्रत्येक पेशंटनं जणू स्वतःपुरता एक खासगी धर्म काढलेला असतो, असा त्यांचा रोख. देवघरात अर्धा-अर्धा तास एकच फूल सारखं करत बसलेली माणसं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे निराळं समजावून सांगायला नको.

हा वकील बरा झाला असं फ्रॉइड म्हणतात. तो पुढे महायुद्धात मारला गेला, त्यामुळे ताळा करून बघायची सोय राहिली नाही. फ्रॉइड केसची टिपणं सहसा नष्ट करत, पण या केसची रोजची टिपणं मात्र त्यांच्या मागे सापडली. त्यांत एके दिवशी नोंद आहे की पेशंट भुकेला होता आणि त्याला खाऊ घातलं. पेशंटपासून अंतर राखा म्हणून शिष्यांना बजावणारा हा माणूस! मला फ्रॉइड आवडायला लागले ते या नोंदीमुळे.

पण त्यांच्या पद्धतीनं काकू बरी झाली असती का? नसती. पेशंट बोलत राहतो, अर्थ उलगडत राहतात आणि घरी जाऊन तो हात धुतो. अर्थ कळल्यानं संशय फिटत नाही, उलट संशयाला चघळायला एक नवी सुपारी मिळते. माझ्याकडे आलेल्या एका प्राध्यापकानं आपल्या मंत्रचळाचं विश्लेषण करणाऱ्या अकरा वह्या भरल्या होत्या. बारावीत अडखळला होता, कारण अकरावीत एक वाक्य चुकलंय का, हे त्याला तपासायचं होतं. फ्रॉइडना हे कळत होतं. १९१८ च्या बुडापेस्टच्या भाषणात ते म्हणतात की भयगंडाच्या पेशंटला नुसतं विश्लेषण पुरत नाही, त्याला एकट्यानं रस्त्यावर जाऊन भीतीशी झुंजायला लावावं लागतं. म्हणजे किल्ली त्यांच्या हाताला लागली होती. त्यांनी ती कुलपाला लावली नाही, एवढंच.

कुलूप उघडलं कुत्र्यांनी. म्हणजे कुत्र्यांवरच्या प्रयोगांनी. ओ. हॉबार्ट मौरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९४७ मध्ये एक दोन-पायऱ्यांचं गणित मांडलं. पहिल्या पायरीवर एखाद्या गोष्टीची भीती जोडली जाते. दुसऱ्या पायरीवर, ती गोष्ट टाळली की हायसं वाटतं, आणि ते हायसं वाटणं हेच बक्षीस ठरतं. मग माणूस टाळतच राहतो. हार्वर्डमध्ये रिचर्ड सॉलोमन आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांना एका पेटीत ठेवलं. इशारा झाला की थोड्या वेळानं विजेचा झटका, पण मधला अडसर ओलांडून पलीकडे उडी मारली तर सुटका. कुत्री पटकन शिकली. मग त्यांनी वीजच बंद केली. कुत्री शेकडो वेळा उड्या मारत राहिली. वीज गेलीय हे त्यांना कळणार कसं? कळायला थांबावं लागतं, आणि थांबायची तर भीती.

आपल्या बाजारपेठेत शनिवारी दुकानाला लिंबू-मिरची बांधतात. तीस वर्षं न चुकता बांधणाऱ्याला विचारा, न बांधली तर काय होतं? त्याला माहीत नाही. माहीत असायचं कारणच नाही. सॉलोमननी मध्ये एक काच लावून उडीच अडवली, तेव्हा कुठं काही कुत्र्यांना उमगलं की काही होत नाही.

ही काच माणसांसाठी लावली ती व्हिक्टर मायर यांनी, लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये. १९६६ चा त्यांचा लेख दोनच पेशंटांवर आहे. एक शाळामास्तरीण, घाणीच्या भीतीनं धूतपूस करणारी. दुसऱ्या बाईच्या मनात पवित्र आत्म्याविषयी अश्लील विचार यायचे. त्या काळी जोसेफ वोल्पे यांची १९५८ ची पद्धत जोरात होती: अंग सैल सोडा, मग भीतीच्या पायऱ्या कल्पनेत एकेक करून चढा. साध्या भयगंडाला ती लागू पडे, मंत्रचळाला फारशी नाही. मायरनी काय केलं? शिक्षिकेच्या खोलीतल्या नळाचं पाणी बंद केलं. साबण वगैरे नर्सच्या ताब्यात दिला. तिला ज्यांची किळस होती त्या वस्तूंना हात लावायला लावला, आणि धुण्याची वेळ आली की नर्स शेजारी बसून बोलत राही, धीर देई, पण धुऊ देत नसे. एवढंच. १९७४ पर्यंत त्यांनी आणि सहकाऱ्यांनी असे १५ पेशंट हाताळले. त्यांतले १० जण बरे झाले किंवा खूप सुधारले. ज्या आजारापुढे तोवर सगळ्यांनी हात टेकले होते, मेंदूवरच्या शस्त्रक्रियेपर्यंत मजल गेली होती, त्याचं उत्तर नळाशेजारी बसलेल्या एका नर्सकडे निघालं.

या पद्धतीला आम्ही ईआरपी म्हणतो, एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन. मराठीत मी म्हणते, सामोरं जा आणि हात आवर. लोक म्हणतात ही क्रूर आहे. चुकीच्या हातांत ती क्रूर होतेही. पेशंटला फसवून, जबरदस्तीनं घाणीत हात घालायला लावणं म्हणजे उपचार नव्हे, तो छळ आहे. प्रत्येक पायरी पेशंट स्वतः ठरवतो, आणि थेरपिस्टनं आधी स्वतः करून दाखवायचं असतं. मी सरकारी बसस्टँडच्या मुतारीच्या दाराला हात लावून मग त्याच हातानं शेंगदाणे खाल्लेले आहेत. पेशंट बघत होता, आणि मला वाटतं स्टँडवरचे कंडक्टरही.

पण ज्यांचे हात स्वच्छ आहेत आणि विचारच घाण वाटतात, त्यांचं काय? इथं माझी एक पेशंट आठवते. ओळख पटू नये म्हणून आज सगळ्याच पेशंटांचे तपशील बदलून सांगतेय. बाळ सहा महिन्यांचं. एके दुपारी विळीवर भाजी चिरताना तिच्या मनात आलं, ही विळी मी बाळाच्या मानेवर चालवली तर? बस्स. त्या क्षणापासून तिनं विळी माळ्यावर टाकली, मग सुऱ्या, मग कात्री. बाळाला एकटीनं अंघोळ घालणं बंद केलं. सासरच्यांना वाटलं, बाहेरचं काही असेल. एका देवऋष्यानं लिंबू कापलं, तेही तिच्याच समोर, सुरीनं.

या बाबतीत मोठं काम झालं ते १९७८ मध्ये. स्टॅन्ली रॅकमन आणि मूळचे श्रीलंकेचे पद्मल डी सिल्व्हा या दोघांनी लंडनमध्ये अगदी साध्यासुध्या लोकांना विचारलं, तुमच्या मनात नको ते, भलतेसलते विचार येतात का? पाचांतल्या चौघांनी हो म्हटलं. मुलाला ढकलून द्यावं, देवळात शिवी हासडावी, गाडीखाली उडी घ्यावी. पेशंटांचे विचार आणि या लोकांचे विचार शेजारी ठेवले तर कुठला कुणाचा, हे ओळखणं तज्ज्ञांनाही जड गेलं. २०१४ मध्ये १३ देशांतल्या ७७७ विद्यार्थ्यांना विचारलं, तर ९४ टक्क्यांच्या मनात मागच्या तीन महिन्यांत असा एखादा तरी विचार येऊन गेला होता. आता या सभागृहात किती जण बसले आहेत ते मी मोजत नाही, आणि कृपा करून कुणी हात वर करू नका. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ ही म्हण रचणाऱ्याला हे सगळं सर्वेक्षणावाचून ठाऊक होतं.

मग फरक कुठं पडतो? १९८५ मध्ये पॉल सॉल्कोव्हस्किस यांनी सांगितलं, विचाराला दिलेल्या अर्थात. तुमच्या मनात विचार आला, तुम्ही ‘काहीतरीच!’ म्हणालात आणि भाजी चिरत राहिलात. तिच्या मनात तोच विचार आला आणि ती म्हणाली, ‘असं मनात आलं म्हणजे मी तशीच असणार, आणि बाळाला वाचवायची जबाबदारी आता माझी.’ अ‍ॅरन बेक आणि अल्बर्ट एलिस यांनी साठच्या दशकापर्यंत उभ्या केलेल्या विचारपद्धतीची ही पुढची शाखा. घटना दुःख देत नाही, तिच्याविषयीचं आपलं म्हणणं देतं, हा तो धागा. एलिस यांचं काम किशोर फडके यांनी आपल्याकडे आणलं, म्हणून मराठी वाचकाला ते घरचं वाटतं. पण मंत्रचळात नुसता वाद घालून भागत नाही. ‘मी तसं करणार नाही याचा पुरावा काय?’ असं विचारलं की पेशंट शंभर पुरावे गोळा करतो आणि एकशेएकाव्यासाठी रात्रभर जागतो. आणि विचार हुसकून लावायला गेलात तर? औषध घेताना माकड आठवायचं नाही, ही गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. १९८७ मध्ये डॅनियल वेग्नर यांनी टेक्सासच्या विद्यार्थ्यांवर तीच करून पाहिली, माकडाऐवजी पांढरं अस्वल घेऊन. अस्वल गेलं नाही. डी सिल्व्हांना याचं नवल वाटलं नसावं. मज्झिम निकायातल्या एका सुत्तात नकोशा विचारांवरचे पाच उपाय सांगितलेत, ते आजच्या तंत्रांच्या किती जवळ जातात, यावर त्यांनी १९८४ मध्ये लिहिलं आहे. त्यांतला एक उपाय सरळ सांगतो की तिकडे लक्ष देऊ नका. दात-ओठ आवळून विचार चिरडायचा उपाय पाचवा आहे, सगळे थकल्यावरचा.

त्या बाईच्या बाबतीत मी आधी चूक केली. तेव्हा मी नवी होते. ती रोज रात्री फोन करायची. “मॅडम, मी तसं करणार नाही ना?” मी म्हणायचे, “नाही करणार.” “नक्की?” “नक्की.” तीन महिने. ती खंगत गेली. फोन रात्रीत दोनदा, मग पाचदा येऊ लागले. एका रात्री फोन ठेवला आणि मला मोरी दिसली, काकूचे पुढे केलेले हात दिसले. पदवी घेऊन, पाटी लावून, फी घेऊन मी तांब्यानं धारच धरत होते.

दुसऱ्या दिवशी तिला सारं सांगितलं आणि क्षमा मागितली. मग आम्ही कागदावर ‘विळी’ हा शब्द लिहिण्यापासून सुरुवात केली. वोल्पे यांची शून्य ते शंभर भीती मोजायची पट्टी फार कामाची. शब्द लिहिताना ती म्हणाली, साठ. दोन आठवड्यांनी मी तिच्या घरी गेले. नवऱ्याला शेजारच्या खोलीत बसवलं, दार उघडं. विळी माळ्यावरून तिनं स्वतः उतरवली. बाळ सतरंजीवर पालथं पडून खुळखुळा चावत होतं. पाव किलो भेंडी. “किती?” “पंच्याण्णव.” हात थरथरत होता, पहिल्या चार भेंड्या वेड्यावाकड्या चिरल्या गेल्या. मी काही बोलले नाही. ‘काही होत नाही’ असं तर मुळीच म्हणाले नाही. दहा मिनिटांनी नव्वद. बाळ सरकत थोडं जवळ आलं, पुन्हा पंच्याण्णव. विसाव्या मिनिटाला साठ. मग ती अचानक म्हणाली, “ही भेंडी जून आहे हो, भाजीवाला फसवतो.” त्या वेळी मी किती ते विचारलं नाही. भाजीवाल्यावर राग काढायला मन मोकळं झालं होतं.

आता गुरुजींची रीत. भीती का कमी झाली? १९८६ मध्ये एड्ना फोआ आणि मायकेल कोझॅक यांनी म्हटलं, सामोरं गेल्यावर भीती हळूहळू निवते आणि मनातला जुना आराखडा दुरुस्त होतो. मिशेल क्रॅस्के यांचं म्हणणं वेगळं. जुनी भीती पुसली जातच नाही, तिच्यावर एक नवी शिकवण बसते, आणि दोघींची कायम ओढाताण चालते. म्हणून भीती कमी झाली की नाही याला महत्त्व कमी, ‘वाटलं होतं तसं झालं नाही’ हा धक्का महत्त्वाचा. मी दुसऱ्या बाजूची. वर्षानुवर्षं बरे असलेले पेशंट घरात मयत झालं, नोकरी गेली की पुन्हा नळाकडे वळताना मी पाहिलेत. पुसलेलं असं परत येत नाही.

मेंदूकडे आणि औषधांकडे मी घाईनं जाणार आहे. त्यांचं महत्त्व कमी आहे म्हणून नव्हे, माझी ती विद्या नव्हे म्हणून. क्लोमिप्रॅमिन या औषधाला अमेरिकेत १९८९ मध्ये मंत्रचळासाठी मान्यता मिळाली, त्यामागून फ्लुओक्सेटिनसारखी औषधं आली. नैराश्याला लागतो त्याहून बहुधा मोठा डोस लागतो आणि गुण यायला दोन-तीन महिने थांबावं लागतं. बरेच लोक महिन्याभरात ‘काही फरक नाही’ म्हणून सोडतात, तिथं घात होतो. १९९२ मध्ये लॉस एंजेलिसच्या लुइस बॅक्स्टर यांनी पेशंटांच्या मेंदूच्या प्रतिमा घेतल्या. एका छोट्या गटाला गोळ्या, दुसऱ्या तेवढ्याच छोट्या गटाला वर्तनोपचार. ज्यांना गुण आला त्यांच्या मेंदूच्या एकाच भागात, कॉडेट केंद्रात, सारखाच बदल दिसला. शरीर की मन, हा वाद घालणाऱ्यांनी ती चित्रं जरूर पाहावीत. आणि २००५ मध्ये फोआ आणि सहकाऱ्यांनी १२२ पेशंटांवर तुलना केली: बारा आठवड्यांत ईआरपीनं ६२ टक्के लोकांना चांगला गुण आला, क्लोमिप्रॅमिननं ४२, दोन्ही मिळून ७०, खोट्या गोळीनं ८. ईआरपी आणि दोन्ही मिळून यांत फार अंतर पडलं नाही. पण हे आकडे प्रयोगात नाव घालायला तयार झालेल्यांचे. माझ्या दवाखान्याच्या पायरीवरून ‘हे मला जमणार नाही’ म्हणून परत गेलेले कुठल्याच टक्केवारीत नाहीत.

आता सांभाळून घेणं. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९५ मध्ये पाहिलं की मंत्रचळाच्या पेशंटच्या घरातले बहुतेक जण आजारात सामील असतात. त्याच्यासाठी तपासतात, धुतात, हमी देतात, रस्ता बदलतात. जितकं सामील, तितका आजार जड. आपल्याकडे हे कुणी मोजायला नको. ‘तिला सांभाळून घेतलं’ यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र सासरला मिळत नाही. मराठी घराचा सर्वांत सुंदर गुण या आजाराचं खाणं आहे, हे पचवायला मला स्वतःला वीस वर्षं लागली. सांभाळणं सोडायचं म्हणजे माणसाला सोडायचं नाही. माणूस धरायचा आणि तांब्या खाली ठेवायचा. हे कुटुंबाला शिकवणं पेशंटला शिकवण्यापेक्षा अवघड जातं. मला तर काकूच्या वेळी कुणी शिकवलंच नाही. ती गेली तेव्हा मी कॉलेजात होते, आणि घरातल्या बायका म्हणत होत्या, हिला शेवटची अंघोळ नीट घाला हं.

एक शेवटची हकीकत. एकसष्ट वर्षांचे निवृत्त गृहस्थ, तिसऱ्या मजल्यावर राहणारे. दाराची कडी, कुलूप, गॅसची खुंटी. मुलीकडे नाशिकला जायचं तर एसटी स्टँडवरून दोनदा रिक्षा करून परत यायचे. प्रश्न एकच, “कडी लावली का?” बायको चाळीस वर्षं सांगत आली, “लावली.” मी त्यांना एक उत्तर शिकवलं: “कोण जाणे.” त्या माझ्यासमोर रडल्या. “यांना कधी असं तोडून बोलले नाही हो.” गृहस्थ चिडले, “बायको असून असं बोलायला शिकवता?” पण मग तेच म्हणाले, करून बघू.

ठरल्या दिवशी मी खाली रिक्षापाशी थांबले होते. जिना उघडा, आवाज सगळे खाली येत होते. कुलूप लागल्याचा आवाज आला. दोघांच्या चपला उतरायला लागल्या. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक जोड थांबला.

“कडी लावली का गं?”

“कोण जाणे.”

रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. बाईंच्या चपला उतरत राहिल्या. त्या खाली आल्या, रिक्षात बसल्या, पिशवी मांडीवर घेतली आणि समोर बघत राहिल्या. मी घड्याळ पाहिलं नाही. पाहिलं असतं तर चार-पाच मिनिटं झाली असती. मग वरून दुसऱ्या चपला वाजल्या, एकेक पायरी, खाली.